आधी कागद, मग कोबा

वाचकाचं पत्र

आदरणीय सर,

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. 1992 सालची इमारत, दोन विंग, तळमजला अधिक तीन, एकूण 32 फ्लॅट. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी कोणी हात वर करेना. मी मोबाइलमध्ये बघत होते, तेवढ्यात माझंच नाव पुढे आलं आणि टाळ्याही वाजल्या. यंदा (2025) मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि वरच्या आठही घरांत गळती लागली. एका आजींच्या देवघरावर अजून प्लॅस्टिक बांधलेलं आहे.

मी बँकेच्या बॅक ऑफिसला असते, प्रोजेक्ट वगैरे कधी केलेला नाही. ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरने गच्ची आणि बाहेरचं प्लास्टर मिळून 24 लाख सांगितले. रिपेअर फंडात 11 लाख आहेत. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, की प्रत्येकी साधारण चाळीस हजार येतील. तीन दिवसांत 214 मेसेज आले! तळमजल्यावरचे एक काका म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर नाही, आम्ही का भरायचं? कोणी म्हणतं रंगही काढा, कोणी म्हणतं सीसीटीव्ही बसवा. मी एक्सेलमध्ये जानेवारी ते मे असं रंगीत पट्ट्यांचं वेळापत्रक केलंय, पण ते बघूनच धडकी भरते. नवरा म्हणतो, राजीनामा दे आणि मोकळी हो. सुरुवात कुठून करू ते सांगा.

एक सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर

ताई, नमस्कार.

राजीनाम्याचं मागून बघू. तुमच्या पत्रात कॉन्ट्रॅक्टर आहे, आकडा आहे, वेळापत्रक आहे, भांडणही आहे. नेमकं काय करून हवंय, ते मात्र कुठे सापडलं नाही. 'गच्ची आणि बाहेरचं प्लास्टर', बस. तुम्ही मधूनच सुरुवात केलीत. तुम्हाला बोल लावत नाही, बहुतेक जण तिथूनच करतात, कारण कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला की काहीतरी हललं असं वाटतं.

मीही तेच केलं होतं. साइटवर नवीन असताना परळच्या एका इमारतीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. करारात एकच ओळ होती: गच्चीचं वॉटरप्रूफिंग. काम छान झालं, पेढे वाटले. जुलैत तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, छतातून धार लागलीय. वर जाऊन बघतो तर पाण्याच्या टाकीखालची जागा जशीच्या तशी. टाकी दीड-दोन फूट उंचीच्या खांबांवर, खाली वाकून जावं लागतं, तिथे शेवाळ आणि कबुतरांची घाण. कॉन्ट्रॅक्टर शांतपणे म्हणाला, "साहेब, टाकीखालचं तुम्ही दाखवलंच नव्हतं." खोटं बोलत नव्हता तो. मी दाखवलं नव्हतंच, मी स्वतःच वाकून बघितलं नव्हतं. मेलेली तीन कबुतरं आणि माझी तीन महिन्यांची मेहनत, दोन्ही त्याच टाकीखाली निघाली.

तेव्हा ती एक्सेल शीट बंद करा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर 'काम झालं' म्हणजे काय झालं, ते लिहा. तुमच्या बाबतीत मी असं लिहीन: "15 मे 2026 पर्यंत दोन्ही विंगच्या पूर्ण गच्चीवर, टाक्यांखालची जागा, जिन्यावरच्या केबिनचं छत आणि कठड्याची आतली बाजू धरून, नवं वॉटरप्रूफिंग झालेलं असेल. 48 तास पाणी साठवून ठेवल्यावर वरच्या आठही घरांच्या छताला ओल येणार नाही. बाहेरच्या भिंतींचं पोकळ झालेलं प्लास्टर काढून नवीन केलेलं असेल." झालं एवढंच. यात 'दर्जेदार', 'उत्तम प्रतीचं' असले शब्द नाहीत बघा. दर्जा मोजता येत नाही, 48 तास मोजता येतात. आजींच्या देवघरावरचं प्लॅस्टिक काढायचं की नाही, हे त्या वाक्यावरून ठरेल.

खाली दुसरा परिच्छेद: यात काय नाही. रंग नाही, सीसीटीव्ही नाही, खिडक्यांच्या ग्रिल नाहीत, गेट नाही. हा परिच्छेद पहिल्याहून जास्त उपयोगी पडतो. परांची चढली की सोसायटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता परांची बांधलीच आहे तर..." त्या 'तर' पुढे काहीही येऊ शकतं. छज्जे, एसीची जाळी, नावाची पाटी. प्रत्येक मागणी दहा-वीस हजारांची आणि रास्तच असते. मे उजाडतो तेव्हा गच्ची उघडी असते आणि नावाची पाटी मात्र चकाचक. अशा मागण्या नाकारू नका, 'पावसाळ्यानंतरची यादी' नावाच्या वेगळ्या कागदावर लिहून घ्या, मागणाऱ्याचं नाव घालून. माणसाला आपलं म्हणणं लिहिलं गेलं एवढंही बरंच असतं. रंग तर पावसाळ्यानंतरच बरा, नवं प्लास्टर नीट सुकायला वेळ मिळतो.

हा कागद तुम्ही एकट्या पूर्ण करू नका. अर्धा इंजिनियरकडून यायला हवा. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचं असतं. ते झालं नसेल तर तेच तुमचं पहिलं पाऊल. लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर नेमा. तो भिंती ठोकून बघेल (पोकळ प्लास्टर बद्द वाजतं, तुम्हीही करून बघा, किल्ली पुरते), आणि कामाच्या बाबींची यादी करून देईल. कुठे किती चौरस फूट, कोणतं साहित्य, किती थर. ती यादी तीन-चार कॉन्ट्रॅक्टरांना एकसारखी द्या. आत्ता तुमच्या ओळखीच्या माणसाने 24 लाख सांगितले ते नेमके कशाचे, हे त्यालाही धड माहीत नसणार. यादीशिवाय तीन कोटेशनं मागवली तर तीन वेगळ्या इमारतींची कोटेशनं येतात.

आता पैसे. इथे तुमची चूक झालीय, आणि ती महागात पडण्याआधी दुरुस्त करायला हवी. 24 लाखांतून 11 वजा केले, 13 लाखांना 32 ने भागलं, चाळीस हजार. पण कॉन्ट्रॅक्टर आकडा सांगतात तो बहुधा जीएसटी सोडून असतो. त्यावर 18 टक्के. शिवाय दुरुस्तीच्या कामात भिंत फोडल्याशिवाय खरं माप कळत नाही, एखाद्या बीमची सळई गंजलेली निघते, म्हणून 10 टक्के जास्तीचे धरावेच लागतात. शिवाय इंजिनियरची फी. समजा 24 लाखांवर 10 टक्के धरले, 26 लाख 40 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी, 4 लाख 75 हजार 200. झाले 31 लाख 15 हजार 200. इंजिनियरची फी 24 लाखांच्या 4 टक्के धरली, तर 96 हजार आणि त्यावरचा जीएसटी मिळून 1 लाख 13 हजार 280. एकूण 32 लाख 28 हजार 480. फंडातले 11 लाख वजा जाता 32 घरांना प्रत्येकी 66 हजार 515 रुपये.

चाळीस आणि साडेसहासष्ट. हा फरक एप्रिलमध्ये कळला असता तर सभेत तुमच्यावर काय वेळ आली असती, विचार करा. कोणी खाल्ले, हाच पहिला प्रश्न. आज स्वतःहून सांगितलंत की "माझा आधीचा हिशेब अपुरा होता, जीएसटी आणि फी धरायची राहिली," तर दोन दिवस बोलतील आणि गप्प बसतील. मी 66 हजार म्हणतोय म्हणून तोही सांगू नका. निविदा उघडेपर्यंत कुठलाच आकडा ग्रुपवर टाकू नका. लोक पहिला ऐकलेला आकडा जन्मभर लक्षात ठेवतात.

तळमजल्यावरचे काका. कायद्याचं उत्तर सोपं आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती या सोसायटीने करायच्या गोष्टी आहेत, आणि गच्ची सगळ्यांची. सळया गंजून ढाचा कमजोर झाला तर त्याचा फटका तळमजल्यालाही बसतो. हे उपविधी काढून त्यांना ग्रुपवर दाखवलंत तर तुम्ही जिंकाल आणि काका पाच महिने प्रत्येक बिलावर हरकत घेतील. त्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जा. त्यांना काय खुपतंय ते विचारा. माझ्या अनुभवात तळमजल्यावाल्यांचं दुखणं गच्चीचं नसतंच, घरामागचं ड्रेनेजचं चेंबर चार वर्षं तुंबतंय आणि कमिटीने ढुंकूनही पाहिलेलं नाही, असलं काहीतरी असतं. ते चेंबर थोड्या पैशांत साफ होतं. आणि असा बारकाईने हरकती काढणारा माणूस सोसायटीत आहे म्हणजे तुमचं नशीब. त्यांनाच मोजमापाच्या वेळी इंजिनियरबरोबर उभं करा. मीटर टेप त्यांच्या हातात द्या. कॉन्ट्रॅक्टर एक चौरस फूटही जास्त लावणार नाही.

आता ती एक्सेल. रंगीत पट्ट्यांच्या त्या तक्त्याला हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियरचं नाव आहे, शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. तक्ता चांगलाच आहे, पण तुम्ही तो जानेवारीपासून पुढे भरत गेलात. शेवटापासून मागे या. कारण तुमच्या कामाचा शेवट तुम्ही ठरवत नाही, पाऊस ठरवतो. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2025 मध्ये तो 26 मेला आला, सोळा दिवस आधी. ज्यांनी 11 जून धरून गच्च्या फोडल्या होत्या त्यांच्याकडे त्या दिवशी काय झालं असेल ते मी वर्णन करत नाही, तुमच्या आजींना विचारा. तुम्ही 26 मे धरा, आणि 15 मेला पाण्याची चाचणी संपलेली हवी असं ठरवा.

आता मागे मोजा. एका विंगची गच्ची म्हणजे जुना कोबा (स्लॅबवरचा विटा-सिमेंटचा थर) फोडणं, राबिट म्हणजे फोडलेला मलबा उतरवणं, स्लॅबच्या भेगा आणि उघड्या सळया दुरुस्त करणं, केमिकलचा थर, नवा वीटकोबा, उताराचं काम, भिंत आणि गच्ची मिळते तिथला गोलावा, ज्याला मिस्त्री वाटा म्हणतात, वर चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), आणि सात दिवस पाणी साठवून ठेवणं. चार आठवडे धरा. दोन विंग थोड्या एकमेकांवर चढवल्या तरी सात आठवडे. पाडवा 19 मार्चला आहे. नारळ त्या दिवशी फोडा, मुहूर्तही मिळतो आणि होळीला गावी गेलेले मजूरही तोवर परततात. त्याच आठवड्यात ईद, म्हणून खरं काम सोमवारी, 23 तारखेला लागेल असं समजा. तिथून सात आठवडे म्हणजे 11 मे. 15 मेपर्यंत हातात उरतात चार दिवस. म्हणजे 19 मार्चच्या आधीची एकही गोष्ट लांबवायची सोय नाही. फेब्रुवारीअखेर वर्क ऑर्डर. फेब्रुवारीच्या मध्याला विशेष सर्वसाधारण सभा, तिची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी. जानेवारीअखेर निविदा हातात, म्हणजे पहिल्या आठवड्यात त्या बाहेर जायला हव्यात, म्हणजे इंजिनियरची यादी डिसेंबरअखेर तयार. म्हणजे इंजिनियर पुढच्या आठवड्यात. बघा, पत्र लिहिताना तुम्हाला सहा महिने दिसत होते.

ही जी एकात एक अडकलेली साखळी, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीच्या कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत बसवली गेली. तुम्हाला त्यातलं एवढंच पुरे: या साखळीतली गोष्ट एक दिवस लांबली की शेवट एक दिवस लांबतो, साखळीबाहेरची लांबली तर फरक पडत नाही. बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर तुमच्या साखळीत नाही. ते आठवडाभर रेंगाळलं तर रेंगाळू द्या, मुकादमावर ओरडू नका. नवा कोबा मात्र सात दिवस पाण्याखाली हवा, त्यात पाचव्या दिवशी "ताई, झालं की आता" म्हणत कोणी पाणी सोडून दिलं तर तिथे ओरडायचं. माणसं वाढवून कोबा लवकर पक्का होत नाही.

आणि पाण्याचा प्रश्न आहेच. 2024 मध्ये धरणांची पातळी उतरली म्हणून महापालिकेने 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात केली होती. मे महिन्यात गच्चीवर तळं करून ठेवायला पाणी कुठून आणणार, टँकर लागला तर पैसे कोणाचे, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा.

राबिटवर थोडं थांबतो, कारण यावर कोणी बोलत नाही. तुमची गच्ची दोन्ही विंग मिळून चार हजार चौरस फूट असेल असा माझा अंदाज. जुना कोबा सरासरी चार इंच धरला तर तेराशे घनफुटांहून जास्त, म्हणजे तेरा ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). फोडल्यावर फुगतो तो वेगळाच. गोणीत एक घनफूट मावलं तरी तेराशेच्या वर गोण्या, आणि तुमच्याकडे लिफ्ट आहे की नाही हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर त्या सगळ्या जिन्याने, मजुरांच्या डोक्यावरून, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या शेजारून उतरणार. जिन्याचे कोपरे फुटणार, धूळ प्रत्येकाच्या दारात. ट्रक उभा करायला दोन गाड्या हलवाव्या लागणार, कोणाच्या? लोकांचा संताप काम बिघडल्यावर होतो असं नाही, तो असल्या गोष्टींवर होतो. राबिट कुठल्या बाजूने उतरेल, किती ते किती या वेळात, आणि गाड्या कोण हलवेल हे आधीच ठरवलंत तर तुमचं निम्मं काम झालं. काही कॉन्ट्रॅक्टर म्हणतील, फोडायची गरज नाही, जुन्यावरच नवा थर देतो. राबिट वाचतं, पण स्लॅबवरचं वजन वाढतं. इंजिनियरने लेखी दिल्याशिवाय मानू नका.

दोन कामं जिथे मिळतात तिथे सगळ्यात जास्त घात होतो. अंधेरीचा गोखले पूल आठवतो? फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळेचना, दोघांच्या पातळीत फरक. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जुलैत दोन्ही जोडले गेले. महिनाभर मुंबईने चेष्टा केली, पण तुमच्या गच्चीवरही तेच होऊ शकतं. पावसाचे पाइप एक प्लंबर बदलणार, उतार दुसरा मिस्त्री काढणार. पाइपचं तोंड कोब्याच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर राहिलं तरी नव्या गच्चीवर डबकं साचतं. पाइप आधी की कोबा आधी, आणि तोंडाची पातळी कोण तपासणार, हे एका माणसाच्या नावावर लिहा.

हुकूम देणारा माणूस एकच हवा. परळच्या त्याच कामात चेअरमन म्हणायचे कठडा उंच करा, खजिनदार म्हणायचे नको, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज सकाळी मिस्त्रीला चहा पाजून स्वतःच्या खिडकीचा छज्जा करून घेत होते. शेवटी सगळ्याचं 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून बिल आलं. एक जाड रजिस्टर घ्या. साइटवरची प्रत्येक सूचना त्यात इंजिनियर लिहील, तुम्ही सही कराल, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सही करेल. रजिस्टरमध्ये नाही ते काम नाही, त्याचं बिल नाही. हे पहिल्याच दिवशी नारळ फोडताना सगळ्यांसमोर सांगा, गोड आवाजात.

बिलं तारखेवर देऊ नका, मोजलेल्या कामावर द्या. "महिना झाला, दोन लाख द्या" म्हटलं की टेप काढा. आणि प्रत्येक बिलातून 5 टक्के मागे ठेवायचे ठरवा, ते 2026 च्या पावसाळ्यात वरची घरं कोरडी राहिली तरच मोकळे करायचे. काही कॉन्ट्रॅक्टर याला नाकं मुरडतात. जो सहज मान्य करतो त्याच्याकडे माझा कल असतो, दर थोडा जास्त असला तरी.

काम सुरू व्हायच्या आधी कमिटीच्या पाच जणांना एका रविवारी घरी बोलवा. पोहे करा किंवा बाहेरून मागवा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि सांगा: "आज 15 जुलै आहे असं समजा. वरच्या मजल्यावर पुन्हा पातेली लागली आहेत. का, ते लिहा." गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने 2007 मधल्या एका लेखात ही युक्ती मांडली, आणि ती चालते, कारण 'काय चुकू शकतं' विचारलं की लोक भिडस्त होतात, 'काय चुकलं' विचारलं की हुशार होतात. मागे एका सोसायटीत मी हे केलं तेव्हा चिठ्ठ्यांत 'सहा जणांनी पैसेच भरले नाहीत', 'मुकादम एप्रिलमध्ये गावाला गेला' हे अपेक्षित निघालं. एका काकूंनी लिहिलं होतं, 'डिशवाल्याने नव्या गच्चीला भोकं पाडली.' सगळे हसले आणि मग गप्प झाले. तुमच्याही गच्चीवर दहा-बारा डिश असणार, त्यातल्या चार कोणाच्या हे कोणालाच ठाऊक नसणार. काम झाल्यावर त्या परत बसवायला येणारा पोरगा ड्रिल घेऊनच येतो. डिश कठड्यावर किंवा सुट्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसतील, हे आत्ताच नोटीस बोर्डावर लावा. कुंड्याही उतरवायला सांगा, तुळस सोडून. तिच्यासाठी जागा शोधून द्या नाहीतर वेगळंच महाभारत व्हायचं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर काम चालवू नका. तिथे सकाळी सहाला सुप्रभात आणि रात्री अकराला हरकत, दोन्ही एकाच वजनाने येतात. दर रविवारी जिन्याखाली चार ओळींचा कागद लावा आणि त्याचाच फोटो ग्रुपवर टाका: या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, कोणाच्या खिडक्या बंद ठेवायच्या, आजवर किती खर्च झाला. गेल्या रविवारी लिहिलेलं झालं नसेल तर 'झालं नाही' असंच लिहा, कारण द्या. दोन-तीन रविवार नियमाने लागला की प्रश्न आपोआप कमी होतात. एका रविवारी चुकलात की मात्र सोमवारी 214 मेसेज.

सभेचं एक. 32 सभासदांत गणसंख्या 20 लागते, कारण दोन-तृतीयांश किंवा 20 यांतला कमी आकडा धरतात. डिसेंबरच्या सभेत तो एका पानाचा कागद मंजूर करून घ्या, इंजिनियरच्या नेमणुकीसकट, आणि ठरावात तो कागद शब्दशः उतरवा. कॉन्ट्रॅक्टर कोण, हा विषय त्या सभेत काढूच नका. आधी काय करायचंय यावर एकमत होऊ दे. कोण करणार यावर फेब्रुवारीत भांडा. दोन्ही भांडणं एकाच संध्याकाळी झाली तर दोन्ही अर्धवट राहतात, आणि लोकांना दहाची मालिका असते.

राजीनाम्याबद्दल: यजमानांना सांगा, ऑगस्टमध्ये. आत्ता दिलात तर तुमच्या जागी येणारा माणूस पहिलं काम काय करेल? कॉन्ट्रॅक्टरला फोन.

आणि पुढच्या पत्रात कुठलीही एक्सेल पाठवू नका. येत्या रविवारी बॅटरी घेऊन वर जा, दोन्ही विंगच्या टाक्यांखाली वाकून बघा आणि काय दिसलं ते लिहा. कबुतरांपासून जपून.